ऑनलाइन कला शिकवणाऱ्यांसाठी: वर्कशीट, ब्रश सेट आणि कोर्सचा प्रसार कसा करायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चित्रकला, सुलेखन, क्रोशे, भरतकाम, डिजिटल चित्रं असं काहीतरी ऑनलाइन शिकवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रॉडक्ट तयार आहे किंवा होत आलंय, पण ते लोकांपर्यंत कसं न्यायचं हे उमगत नाही, अशांसाठी ही उत्तरं आहेत.

आधी फॉलोअर वाढवू की आधी प्रॉडक्ट काढू?

आधी एक छोटं प्रॉडक्ट काढा. विकायला काहीच नसताना जमलेले फॉलोअर तुमची चित्रं बघायला आलेले असतात. त्यांतले शिकणारे किती, हे विक्री सुरू झाल्याशिवाय कळत नाही. छोटं म्हणजे ८ ते १२ पानांची सराववही, १० डिजिटल ब्रशांचा सेट किंवा तासाभराचा रेकॉर्ड केलेला वर्ग. विषय शोधायला लांब जायला नको. गेल्या ३ महिन्यांतल्या कॉमेंट आणि मेसेज काढा आणि 'हे कसं केलं?' या अर्थाचे प्रश्न एका कागदावर उतरवून काढा. एकच प्रश्न ५-६ वेळा आलेला दिसला, तर पहिलं प्रॉडक्ट तेच.

एका वेळी किती प्रॉडक्टचा प्रसार करावा?

एकच. निदान ६ आठवडे. दुकानात १५ गोष्टी असल्या तरी चालतील, पण प्रोफाइलवरची पहिली लिंक, पोस्टचा शेवट आणि ईमेलची तळटीप या तिन्ही जागांनी एकाच पानाकडे बोट दाखवलं पाहिजे. इन्स्टाग्राम प्रोफाइलवर ५ लिंका देऊ देतं, म्हणून पाचही भरायच्या असं नाही.

रोज पोस्ट टाकतो, लाइकही भरपूर येतात, पण विक्री होत नाही. असं का?

बहुतेक वेळा कारण पोस्टच्या प्रकारात असतं. कोऱ्या कागदापासून पूर्ण चित्रापर्यंतचा वेगवान व्हिडिओ बघायला छान वाटतो, पण त्यात कौतुक करण्यापलीकडे बघणाऱ्याला काही काम उरत नाही. शिकू पाहणारा माणूस कुठेतरी अडलेला असतो. त्याला त्याची अडचण पडद्यावर दिसली, की तो थांबतो. म्हणून चित्र बनताना दाखवण्याऐवजी बिघडताना दाखवा, मग दुरुस्त करताना दाखवा.

जलरंगातल्या वॉशच्या (पातळ रंग मोठ्या भागावर पसरवण्याच्या) सराववहीसाठी ३० सेकंदांचा रील असा बसवता येईल. पहिल्या २ सेकंदांत बिघडलेलं आकाश अगदी जवळून दाखवा, त्यात फुलासारखे कडा उमटलेले डाग आलेत आणि वर एक ओळ आहे: 'तुमच्या आकाशातही असे डाग येतात?' पुढच्या १० सेकंदांत कारण सांगा. कागदावरची चमक उडाली होती, म्हणजे तो अर्धवट वाळला होता. ब्रशमध्ये मात्र कागदापेक्षा जास्त पाणी होतं. त्या पाण्याने अर्धवट वाळलेला रंग कडेला ढकलला. त्यानंतरची १० सेकंदं उपायाची: ब्रश फडक्याला टेकवून पाणी कमी करा, नाहीतर हात आवरा आणि कागद पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर तो अजून ओला आहे. मग ५ सेकंदं वहीतलं तेच सरावाचं पान, चार चौकोन भरताना. शेवटच्या ३ सेकंदांत 'हे पान प्रोफाइलवरच्या लिंकमधून फुकट घ्या.'

असा रील वेगवान व्हिडिओपेक्षा कमी लोक बघतील, हे आधीच मान्य करून टाका. सेव्ह आणि शेअरचे आकडे बघा. पुन्हा उपयोगी पडेल असं वाटलं तरच माणूस पोस्ट जपून ठेवतो.

मजकूर व्हिडिओच्या तळाशी लिहू नका. उभ्या व्हिडिओत खालचा साधारण पाव भाग कॅप्शन आणि बटणांखाली जातो. बोललेलं प्रत्येक वाक्य पडद्यावर अक्षरांतही द्या, कारण कित्येक जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

फुकट किती द्यायचं? सगळंच शिकवलं तर विकत कोण घेईल?

ज्ञान फुकट द्यायला घाबरू नका. डाग का येतात हे शेकडो जणांनी सांगून झालेलं आहे. लोक पैसे मोजतात ते क्रम, तयार सराव आणि वाचणारा वेळ यांसाठी. १२ पानांच्या वहीतलं एक पान पूर्ण द्या, आणि ते असं निवडा की १५ मिनिटांत हातात काहीतरी जमलेलं दिसेल. अर्धं पान देऊन 'पुढचं विकत घ्या' म्हणू नका, त्याने माणूस चिडतो.

दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे ६० पानांचा गठ्ठा फुकट देणं. तो डाउनलोड होतो, फोल्डरमध्ये पडून राहतो, आणि न वापरलेल्या गोष्टीची पुढची पायरी कोणी विकत घेत नाही. दुसरी म्हणजे संबंध नसलेलं काहीतरी देणं. प्रॉडक्ट सुलेखनाचं आणि फुकट मिळतोय फोनचा वॉलपेपर, असं झालं की यादीत वॉलपेपर आवडणारे जमतात.

ईमेल यादी अजूनही लागते का?

लागते. पोस्ट किती जणांना दाखवायची हे अ‍ॅप ठरवतं, ईमेल मात्र सगळ्यांच्या नावाने जातं. तरी ते इनबॉक्समध्ये उतरेलच याची खात्री नसते. त्यासाठी तीन गोष्टी नीट हव्यात.

पहिली गोष्ट पत्त्याची. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून यादीला मेल पाठवू नका. स्वतःचं डोमेन घ्या आणि ईमेल सेवा देते त्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये टाका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय आणि ०.३ टक्क्यांखाली स्पॅम तक्रारी हे सगळं बंधनकारक आहे. तुमची यादी ३०० जणांची असली तरी नोंदी आत्ताच करून घ्या, जेमतेम अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. मेलचा कोड १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि तळाची खरेदीची लिंक दिसेनाशी होते. चित्रांचं वजन यात धरलं जात नाही. दोष असतो तो वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की सोबत येणाऱ्या छुप्या कोडचा. मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, मग तिथून उचला.

तिसरी गोष्ट परवानगीची. वर्गात आलेल्यांचे, कॉमेंटमध्ये सापडलेले, कुठे स्पर्धेत जमवलेले पत्ते यादीत परस्पर घालू नका. त्यातले काही जण मेल स्पॅममध्ये टाकतात, आणि ज्यांनी स्वखुशीने नाव नोंदवलं त्यांनाही मग तुमचे मेल मिळेनासे होतात.

आणखी एक. 'किती जणांनी मेल उघडला' हा आकडा बघून खूश होऊ नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलने मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून न वाचलेले मेलही उघडलेले म्हणून मोजले जातात. क्लिक आणि उत्तरं मोजा.

लॉन्चच्या आठवड्यात किती मेल पाठवायचे? लोक वैतागणार नाहीत का?

सात दिवसांत सहा मेल पुरतात. आधीचे दोन आठवडे यादी गप्प ठेवली असेल, तर मात्र एका मेलनेही लोक वैतागतात. त्यामुळे लॉन्चच्या आधी आठवड्याला एक उपयोगी मेल जात राहू द्या.

पहिल्या दिवशी सरळ सांगा: काय आहे, कोणासाठी आहे, किंमत काय, कधीपर्यंत. दुसऱ्या दिवशी आतलं एक पान किंवा धड्यातला २ मिनिटांचा तुकडा दाखवा. चौथ्या दिवशी शंकांची उत्तरं द्या, आणि त्या शंका मनाने रचू नका, पहिल्या दोन मेलना आलेल्या उत्तरांतून घ्या. सहाव्या दिवशी विद्यार्थ्याचं आधीचं आणि नंतरचं काम शेजारी-शेजारी ठेवा. सातव्या दिवशी दोन मेल: सकाळी एक, आणि मुदत संपायच्या ३-४ तास आधी तीन ओळींचा दुसरा. हा दुसरा मेल पाठवायला बहुतेकांना संकोच वाटतो. तो पाठवाच. विक्री सहसा पहिल्या आणि शेवटच्या दिवशी होते, मधले दिवस सुने जातात. तिसऱ्या दिवशी घाबरून किंमत पाडू नका.

प्रत्येक मेलच्या तळाशी 'या लॉन्चचे मेल नकोत' अशी वेगळी लिंक ठेवा. तिच्यावर क्लिक करणारा फक्त या आठवड्यापुरता बाजूला होतो, यादी सोडत नाही. मुदत लिहिताना 'शनिवारी मध्यरात्री' असं लिहू नका. ती शुक्रवारनंतरची की शनिवारनंतरची यावरून हमखास वाद होतात. 'शनिवार, रात्री ११:५९' लिहा, आणि विद्यार्थी वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठल्या देशाच्या वेळेने तेही लिहा.

यादीतल्या १०० जणांमागे १ किंवा २ जण घेतील असा अंदाज धरून नियोजन करा. जास्त आले तर उत्तमच.

विक्रीच्या पानावर नेमकं काय लिहू?

नेहमी दिसणारं वर्णन हे: 'नवशिक्यांसाठी सुंदर जलरंग वर्कबुक. २४ पानं. तुमच्या कलेला नवे पंख द्या!' यातून घेणाऱ्याला एकच गोष्ट कळली, पानांची संख्या. हेच असं लिहून बघा:

'वॉश देताना डाग पडतात, कडा कडक होतात, रंग एकसारखा पसरत नाही, अशांसाठी २४ पानांची सराववही. सपाट, उतरता आणि दोन रंगांचा असे तीन वॉश, प्रत्येकी ६ सराव. उरलेल्या ६ पानांवर चुका ओळखायचे फोटो. एका सरावाला १० ते १५ मिनिटं. लागेल: कुठलेही ३ जलरंग, १० नंबरचा गोल ब्रश, ३०० जीएसएम कागद. यात रेखाटन शिकवलेलं नाही.'

शेवटचं वाक्य काढून टाकायचा मोह होतो. ते राहू द्या. 'यात काय नाही' हे सांगितलं की पैसे परत मागणारे कमी होतात आणि बाकीच्या मजकुरावर विश्वासही बसतो.

त्याखाली तांत्रिक माहिती, तीही खरेदीच्या बटणाच्या आधी. छापायच्या फाइलला ए-४ आणि लेटर (अमेरिकेतला कागदाचा आकार) दोन्ही आकार द्या. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, लेटर साधारण २१६ × २७९. लेटर थोडा रुंद आणि आखूड असल्याने एकाच फाइलवर भागवलं तर कोणाच्या तरी पानाची कड कापली जाते. ए-४ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. त्याहून बराच लहान असेल तर बारीक रेषा फुटतात. ब्रश सेटसाठी अ‍ॅपचं नाव ठळक लिहा. प्रोक्रिएटचे (आयपॅडवरच्या चित्रकलेच्या अ‍ॅपचे) ब्रश अँड्रॉइड टॅबवर चालत नाहीत, कारण प्रोक्रिएट अँड्रॉइडवर नाहीच. फोटोशॉपचे एबीआर ब्रश प्रोक्रिएटमध्ये घेता येतात, उलट दिशेने मात्र जमत नाही. कोर्स असेल तर एकूण वेळ, धड्यांची संख्या, शिकवण्याची भाषा आणि किती काळ बघता येईल हे लिहा. 'आजीवन' हा शब्द टाळलेला बरा. कोणाचं जीवन, तुमचं, कोर्सचं की ज्या प्लॅटफॉर्मवर तो ठेवलाय त्याचं?

तयार मॉकअप वापरू की खरे फोटो?

पहिला फोटो खरा हवा: छापलेलं पान, त्यावर हात, अर्धवट भरलेला सराव. मॉकअप, म्हणजे तयार चित्रात तुमचं पान बसवलेली प्रतिमा, दुसऱ्या-तिसऱ्या जागी चालेल. डिजिटल वस्तू हातात धरता येत नाही, त्यामुळे ती वापरात कशी दिसते हे फोटोलाच सांगावं लागतं.

पांढरा कागद फोटोत करडा येतो, ही तक्रार सगळ्यांची. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मध्यम करड्या छटेचं धरून प्रकाश ठरवतो, म्हणून पांढऱ्या पानावर तो प्रकाश कमी करतो. कागदावर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश लॉक झाला की एक्स्पोजर +०.७ ते +१ पर्यंत चढवा. रंग पिवळट दिसत असेल तर खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र आलेत. दोन्हीपैकी एक बंद करा.

वरून व्हिडिओ घेताना हाताची सावली कामावर पडते, आणि कधीकधी प्रकाश थरथरतो.

उजव्या हाताने काम करत असाल तर प्रकाश डावीकडून आणि किंचित समोरून घ्या, डावखुरे असाल तर उजवीकडून. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असला की हाताची सावली बरोबर ब्रशच्या टोकावर पडते.

थरथर होते ती विजेच्या वारंवारतेमुळे. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झच्या भागात १/६० किंवा १/१२०. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शटर बदलता येत नसेल तर प्रो मोड किंवा वेगळं कॅमेरा अ‍ॅप वापरा. ते जमत नसेल तर दिवसाच्या उजेडात काम उरका.

इन्स्टाग्राम, यूट्यूब, पिंटरेस्ट: सगळीकडे असायला हवं का?

नको. दोन जागा निवडा: एक जिथे लोक सहज तुम्हाला भेटतात, दुसरी जिथे लोक काहीतरी शोधत येतात. इन्स्टाग्राम पहिल्या प्रकारचं, यूट्यूब आणि पिंटरेस्ट दुसऱ्या. शोधत आलेला माणूस आधीच गरजू असतो, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याने आपला जास्त वेळ दुसऱ्या जागेला द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. रील बहुधा काही दिवसांत मागे पडतो, पण 'लोकरीचा गोल कडेला का वळतो' असा ८ मिनिटांचा व्हिडिओ पुढची दोन-तीन वर्षं माणसं आणत राहू शकतो.

यूट्यूबवर वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिंक द्या, बाकीचं 'अधिक'खाली दडतं. व्हिडिओचे भाग पाडायचे असतील तर पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. यातलं एक चुकलं तरी भाग दिसतच नाहीत. थंबनेल १२८० × ७२० पिक्सेलचं करा आणि फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून वाचता येतंय का बघा.

पिंटरेस्टचा पिन २:३ प्रमाणात, म्हणजे १००० × १५०० पिक्सेल. तिथे गोष्टी हळू पसरतात. सणासुदीचं, सुट्टीचं किंवा नव्या वर्षाचं काही असेल तर दीड-दोन महिने आधी टाका. पिनची लिंक थेट त्या प्रॉडक्टच्या पानावर जाऊ द्या, मुखपृष्ठावर नको.

एट्सी, गमरोडसारख्या ठिकाणी विकू की स्वतःच्या साइटवर?

तिथे आधीपासून गिऱ्हाईक फिरतंय म्हणून सुरुवातीला बाजारपेठ बरी. पण मर्यादा माहीत हव्यात. एट्सीवर एका डिजिटल वस्तूला ५ फाइल, प्रत्येकी २० एमबीपर्यंत चढवता येतात. मोठं काही असेल तर आत लिंक असलेली पीडीएफ द्यावी लागते. टॅग १३, प्रत्येकी २० अक्षरांचे. 'चित्र' किंवा 'कला' अशा एका शब्दावर टॅग वाया घालवू नका, गिऱ्हाईक शोधताना टाइप करेल ते दोन-तीन शब्द टाका. खरेदीदाराचा ईमेल तुम्हाला दिसला तरी त्याच्या परवानगीशिवाय तो यादीत घालता येत नाही. म्हणून फाइलच्या शेवटच्या पानावर फुकट पुरवणीची लिंक ठेवा, ज्याला हवी तो स्वतः नाव नोंदवतो.

परदेशी गिऱ्हाइकांचा कर हा स्वतःच्या साइटवर विकणाऱ्यांना न दिसणारा खड्डा आहे. उदाहरणार्थ, युरोपीय संघात डिजिटल वस्तूंवरचा व्हॅट (विक्रीवरचा कर) २०१५ पासून ग्राहक जिथे राहतो तिथल्या दराने लागतो. काही सेवा कागदोपत्री स्वतःच विक्रेता होतात आणि कर परस्पर भरतात. गमरोड १ जानेवारी २०२५ पासून असं करतं. त्यांचं शुल्क जास्त वाटलं तरी तुलना करताना करसल्लागाराची फी आणि स्वतःचे तासही मोजा.

सवलत किती द्यावी?

लॉन्चच्या आठवड्यात २० टक्के, आणि मग वर्षातून एखाद-दोन वेळा. दर महिन्याला सवलत देणाऱ्याची खरी किंमत लोक सवलतीचीच धरतात. पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होणारं खोटं घड्याळ लावू नका. एकदा पकडला गेलात की पुढच्या खऱ्या मुदतीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

अभिप्राय कसे मिळवायचे? आत्ता एकही गिऱ्हाईक नाही.

५ ते ८ जणांना फुकट वापरायला द्या, बदल्यात आधीचं आणि नंतरचं काम मागा. ते काम दाखवताना त्यांनी प्रॉडक्ट फुकट घेतलं होतं हे लिहा. गिऱ्हाइकांना खरेदीनंतर १० ते १४ दिवसांनी विचारा. दुसऱ्याच दिवशी विचारलं तर 'छान आहे' याहून जास्त काही मिळत नाही. 'कसं वाटलं?' असं मोघम विचारू नका. तीन प्रश्न विचारा: घेण्याआधी कुठे अडत होतं, कोणत्या पानावर फरक पडला, घेताना कसली शंका वाटली होती? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं विक्रीच्या पानासाठी सोन्यासारखी असतात. काम आणि नाव दाखवायची परवानगी लेखी घ्या. विद्यार्थी लहान असेल तर पालकांची.

पैसे देऊन जाहिरात करावी का?

न विकणारं पान जाहिरातीने विकू लागत नाही, फक्त पैसे भराभर जातात. आधी फुकटच्या मार्गाने २०-३० विक्री होऊ द्या, मग हिशेब मांडा. समजा किंमत १०० आहे आणि शुल्क वजा जाता ९० हातात येतात. पानावर आलेल्या ५० जणांपैकी एक घेतो. म्हणजे एका क्लिकला १.८ पेक्षा जास्त गेले की तोटा. स्वस्त एकट्या प्रॉडक्टला हा हिशेब क्वचितच जमतो. म्हणून जाहिरात फुकट पानाची करा आणि विक्री ईमेलवर सोडा. निकाल २०-३० क्लिकवर ठरवू नका, निदान ३०० होऊ द्या.

विक्री नेमकी कुठून आली हे कसं कळेल?

प्रत्येक जागेच्या लिंकला वेगळा यूटीएम लावा, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण. नावं सगळीकडे इंग्रजी लहान अक्षरांत लिहा, कारण लहान-मोठ्या अक्षरांची नोंद वेगवेगळी होते आणि एकाच जागेच्या दोन ओळी पडतात. शिवाय चेकआउटवर एक रिकामा रकाना ठेवा: 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' यूटीएमला न दिसणारी, मैत्रिणीने सांगितलेली किंवा वर्गातून आलेली माणसं तिथे सापडतात.

विकत घेतल्यावर 'फाइल उघडत नाही' असे मेल येतात. काय करू?

याला प्रसाराचाच भाग समजा. पहिल्या गिऱ्हाइकाला फाइल उघडली नाही तर तो दुसऱ्याला सांगत नाही.

इन्स्टाग्राममधून लिंक उघडली की ती अ‍ॅपच्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे झिप किंवा ब्रश सेट डाउनलोड होताना अडतो. म्हणून फाइलची लिंक ईमेलनेही जायलाच हवी. खरेदीनंतरच्या पानावर 'मेल दिसत नसेल तर स्पॅम बघा' एवढी ओळ टाका. झिपच्या आत झिप ठेवू नका. फाइलच्या नावावरून तिच्यात काय आहे हे कळलं पाहिजे.

छपाईचं दुखणं वेगळं. प्रिंटर 'पानात बसवा' हा पर्याय स्वतःहून निवडतो आणि पान ९६-९७ टक्क्यांवर आणतो. चित्र रंगवण्याच्या पानाला काही बिघडत नाही, सुलेखनाच्या पानाचं मात्र गणित कोलमडतं. इटॅलिक या सुलेखनाच्या वळणात अक्षराची उंची निबच्या (पेनाच्या टोकाच्या) रुंदीच्या ५ पट धरतात. ३ मिलिमीटर निबला १५ मिलिमीटरची ओळ लागते, ती छापून १४.४ येते आणि अक्षर जाड, कोंबल्यासारखं दिसतं. विद्यार्थ्याला वाटतं हात चुकतोय. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ५ सेंटिमीटरची रेघ छापा आणि लिहा: 'ही रेघ पट्टीने मोजा. कमी भरली तर छपाईत १०० टक्के निवडा.'

जलरंगाच्या पानांना आणखी एक सूचना लागते. बऱ्याच घरगुती इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तर लेझरची रेष टिकते. हे विक्रीच्या पानावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहा.

लॉन्चच्या आदल्या दिवशी स्वतःचं प्रॉडक्ट फोनवरून, खरे पैसे भरून, दुसऱ्या ईमेलने विकत घ्या. कूपनही लावून बघा.

फाइल कोणी फुकट वाटली तर?

थोडीफार गळती होणारच. नमुन्याची चित्रं लांब बाजूला १००० पिक्सेलपर्यंतच ठेवा आणि पूर्ण पान सरळ समोरून दाखवू नका, तिरका फोटो द्या. पीडीएफवर खरेदीदाराचा ईमेल छापणाऱ्या सेवा आहेत, त्या पुरेशा आहेत. सर्रास कुठे विक्रीला ठेवलेली दिसली तर त्या प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर मूळ फाइल आणि तारखेसह कळवा.

रीलमधलं गाणं, फॉन्ट, तयार क्लिपआर्ट वापरलं तर अडचण येते का?

येते. व्यावसायिक खात्याला इन्स्टाग्रामवर गाजलेली गाणी बहुधा मिळत नाहीत. वैयक्तिक खात्यावरून ती लावून प्रॉडक्ट विकणं हा परवान्याबाहेरचा वापर ठरतो आणि आवाज बंद होऊ शकतो. मेटाचा स्वतःचा ध्वनिसंग्रह वापरा, किंवा कागदावर ब्रश फिरल्याचा खराखुरा आवाज ठेवा. शिकवण्याच्या व्हिडिओला तोच शोभतो.

फॉन्टवर 'वैयक्तिक वापरासाठी' लिहिलं असेल तर विकायच्या वहीत तो चालत नाही. गूगल फॉन्ट्समधले बहुतेक फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते वहीत वापरून वही विकता येते. कॅनव्हातलं चित्र जसंच्या तसं, काहीही बदल न करता विकता येत नाही.

पैसे परत मागितले तर?

धोरण खरेदीच्या बटणाशेजारी दोन ओळींत लिहा. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क आहे. डिजिटल वस्तूसाठी तो संपतो, पण डाउनलोड लगेच सुरू करायला आणि त्याने हा हक्क जातो या गोष्टीला ग्राहकाने आधी स्पष्ट संमती दिली असेल तरच. चेकआउटवरची ती छोटी चौकट त्यासाठीच असते. छोट्या प्रॉडक्टवर वाद घालण्यात अर्थ नाही, पैसे परत करा आणि कारण तेवढं विचारा. एकच कारण तीनदा आलं तर विक्रीच्या पानात दुरुस्ती हवी.

जुनं प्रॉडक्ट विकायचं थांबलं. काढून टाकू का?

लगेच नको. आधी आकडे बघा. पानावर लोक येतच नसतील तर नव्या तीन चुकांवर तीन रील किंवा एक यूट्यूब व्हिडिओ करा. लोक येतात पण घेत नाहीत, तर पहिला फोटो आणि पहिली दोन वाक्यं बदला. एका वेळी एकच बदल करा आणि निदान २०० जण पान बघेपर्यंत दुसरा करू नका. फाइल सुधारली असेल तर जुन्या गिऱ्हाइकांना नवी आवृत्ती फुकट पाठवा आणि नावात आवृत्तीचा क्रमांक टाका, नाहीतर त्यांच्याकडे जुनी फाइलच उघडत राहते.